ॲसिड फेकले तर गुन्हा, सांडले तर नशीब

चंडीगडला मुक्काम असला की सकाळी सेक्टर १७ च्या चौकात फेरफटका मारण्याचा माझा जुना परिपाठ आहे. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात हा भाग शहराचे मध्यवर्ती केंद्र म्हणून आखला गेला. उघड्या काँक्रीटच्या एकसारख्या इमारती, त्यांच्या खालून जाणारे लांबलचक व्हरांडे, मधोमध कारंजे आणि वाहनांना मज्जाव असलेला प्रशस्त चौक. दहा वाजता इथली दुकाने उघडतात, तेव्हा व्हरांडे आणि जिने धुऊन स्वच्छ झालेले असतात. ते स्वच्छ करणारी माणसे तोवर निघून गेलेली असतात.

गेल्या खेपेस मी नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो. एका जिन्याच्या पायऱ्यांवर साधारण चाळिशीची एक बाई काम करत होती. पायांत रबरी चपला, नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेली ओढणी, हात उघडे. तिच्याजवळ शीतपेयाची दोन लिटरची जुनी बाटली होती आणि बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलेले होते. पानाच्या पिंका आणि पाण्याचे पांढरे डाग जिथे दिसतील तिथे ती त्या भोकातून धार सोडत होती. पायरीवर फेस येई, पांढुरका धूर उठे. ती चटकन पाय मागे घेई, मान वळवून खोकत असे आणि पुन्हा वाकून ब्रशने घासू लागे.

बाटलीत काय आहे, असे मी विचारले. ‘तेजाब आहे, बाबूजी,’ ती म्हणाली. हातमोजे का घातले नाहीत, या प्रश्नावर तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. ‘ते देतो कोण? आणि घातले तर ब्रश हातातून निसटतो. नऊच्या आत चार जिने व्हायचे असतात.’ तिच्या मनगटावर आणि घोट्यावर फिकट गुलाबी डाग होते. ते कशाचे, हे विचारण्याची गरज नव्हती. तुम्ही कोणाकडे कामाला आहात, असे विचारल्यावर ती अडखळली. ठेकेदाराचे नाव तिला ठाऊक नव्हते. सुपरवायझरचा मोबाइल नंबर तेवढा होता.

ही घटना म्हणावी अशी घटना नाही. देशातील कोणत्याही शहरात, कोणत्याही सकाळी हे दृश्य दिसेल. मुंबईतल्या कार्यालयांत, पुण्यातल्या सोसायट्यांत आणि नागपूरच्या रुग्णालयांतही. मला त्या सकाळपासून अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. ज्या बाटलीतल्या द्रवाबद्दल या देशाने गेल्या दशकभरात इतके कायदे, नियम आणि न्यायालयीन आदेश केले, तीच बाटली या बाईच्या हातात आली की ते सगळे कायदे गप्प का होतात?

शस्त्र म्हणून ॲसिड

ॲसिडविषयीचा आपला कायदा कसा घडला हे आधी पाहू. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ ही याचिका २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २०१३ च्या मे महिन्यात मुंबईत वांद्रे टर्मिनसवर उतरलेल्या एका तरुण परिचारिकेवर ॲसिड फेकले गेले. नौदलाच्या रुग्णालयात रुजू होण्यासाठी ती आली होती. महिनाभर मृत्यूशी झुंजून ती गेली. त्या वर्षी देशाचे मन हादरलेले होते आणि फौजदारी कायद्यात आधीच बदल झाला होता. ॲसिडहल्ल्यासाठी भारतीय दंड संहितेत ‘३२६ अ’ आणि ‘३२६ ब’ ही स्वतंत्र कलमे आली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहेत.

१८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, खरेदीदाराचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण लिहून घ्यावे, अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकू नये, साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाहीर करावा. मोडल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई देण्याचेही न्यायालयाने राज्यांना बजावले. पुढे २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात ॲसिडहल्ल्याच्या पीडितांना स्थान मिळाले.

हे सारे आवश्यकच होते आणि त्यासाठी ज्या मुलींनी स्वतःचे भाजलेले चेहरे घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्यांचे ऋण देशावर आहे. नोंदवहीचा नियम किती दुकानांत पाळला जातो, हा वेगळा आणि खेदाचा विषय आहे. माझा मुद्दा या कायद्यांच्या रचनेविषयी आहे. या प्रत्येक तरतुदीच्या केंद्रस्थानी हल्लेखोर आहे. ॲसिड कोण विकत घेतो, कोणत्या हेतूने घेतो, कोणावर फेकतो, एवढेच कायदा विचारतो. अपंगत्वाच्या कायद्यातील व्याख्याच पाहा : ॲसिड किंवा तत्सम दाहक पदार्थ फेकून केलेल्या हिंसक हल्ल्यामुळे विद्रूप झालेली व्यक्ती. म्हणजे त्याच ॲसिडने, त्याच चेहऱ्यावर, तेवढीच जखम झाली. पण ते कोणी फेकले नाही, बादलीतून उसळले, तर ती व्यक्ती या व्याख्येत बसत नाही.

हल्ला आणि अपघात यांची शिक्षा एकच असावी, असे कोणी म्हणणार नाही. गुन्ह्यात हेतू महत्त्वाचा असतोच. पण जखमेची काळजी घेताना, धोका टाळताना हेतूचा काय संबंध? त्वचेला हेतू कळत नाही.

बाटलीत काय असते

बाजारात ‘ॲसिड’ म्हणून जे सुटे मिळते ते बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ब्रँडचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या संडास-सफाईच्या द्रवात त्याचे प्रमाण साधारण दहा टक्के असते. सुट्या बाटलीत ते त्याच्या तिप्पट असू शकते, आणि बाटलीवर काहीच लिहिलेले नसल्याने ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याची वाफ नाक, घसा आणि फुप्फुसांना लागते. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरतात ते सल्फ्युरिक ॲसिड पाण्याशी मिसळताना प्रचंड उष्णता सोडते. म्हणूनच ॲसिड पाण्यात थोडे थोडे घालायचे असते, ॲसिडवर पाणी ओतायचे नसते. शाळेच्या प्रयोगशाळेत आठवीच्या मुलाला हा नियम शिकवला जातो. रोज ॲसिड हाताळणाऱ्या बाईला तो शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठेच लिहिलेले नाही.

सर्वांत फसवे ते हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. दगडावरचे, काचेवरचे आणि गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत ते किंवा त्याचे क्षार असतात. सौम्य असेल तर लागल्यावर लगेच आग होत नाही; काही तासांनी वेदना सुरू होते, तोवर ते त्वचेखाली उतरून शरीरातील कॅल्शियमला चिकटलेले असते. तीव्र द्रावण शरीराच्या लहानशा भागावर सांडले तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हा उपाय आहे, पण बाटलीत काय होते हे डॉक्टरांना कळले तरच. चिठ्ठी नसलेल्या बाटलीने भाजलेला माणूस रुग्णालयात फक्त ‘ॲसिड’ एवढाच शब्द घेऊन जातो.

आणखी एक अपघात घडतो तो दोन बाटल्या एकत्र आल्याने. डाग जात नाही म्हणून ॲसिड टाकले, जंतू मरावेत म्हणून त्यावर ब्लीच टाकले, की क्लोरिन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच हा वायू. चार फूट बाय चार फुटांच्या, खिडकी नसलेल्या स्वच्छतागृहात दार लोटून काम करणाऱ्याला त्यापासून पळायलाही जागा नसते.

हे झाले क्षणात होणारे अपघात. संथपणे होणारी हानी वेगळीच. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या फुप्फुसांची सुमारे वीस वर्षे पाहणी केली होती. घरी किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची श्वसनक्षमता इतरांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. तेथे बाटल्यांवर चिठ्ठ्या असतात, हातमोजे मिळतात. आपल्याकडे तसा दीर्घ अभ्यास झाला तर काय आढळेल, याची कल्पनाच केलेली बरी.

चंडीगडच्याच ‘पीजीआय’मधील जठरांत्ररोगतज्ज्ञांनी दाहक द्रव पोटात गेलेल्या रुग्णांवर अनेक दशके उपचार आणि संशोधन केले आहे. पाश्चात्त्य देशांत असे रुग्ण बहुधा अल्कली गिळलेले असतात. आपल्याकडे ॲसिड गिळलेल्यांचे प्रमाण अधिक, आणि ते ॲसिड बहुधा संडास साफ करण्याचेच. काहींनी ते निराशेच्या भरात घेतलेले असते. काहींनी पाणी समजून. पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची आपली सवय इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यात काही गैर आहे, असे आपल्याला वाटतही नाही. अन्ननलिका आक्रसलेल्या माणसाला पुढची कित्येक वर्षे घास गिळण्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

आणि हे सारे ज्यासाठी, ती फरशी तरी वाचते का? चुनखडीचे जे पांढरे डाग ॲसिड विरघळवते, त्याच जातीचे घटक संगमरवरात, मोझॅइकमध्ये आणि सिमेंटमध्ये असतात. डागाबरोबर पृष्ठभागही झिजतो, खरबरीत होतो आणि पुढचा डाग अधिक खोल बसतो. मग अधिक ॲसिड लागते. काँक्रीटच्या सौंदर्यासाठी जगभर ओळखले जाणारे शहर स्वतःच्या पायऱ्या ॲसिडने धूत असेल, तर त्यात केवळ कामगाराचे नव्हे, मालकाचेही नुकसान आहे.

जे मोजले जात नाही

श्रमाचे मोजमाप करणारी देशातील महत्त्वाची संस्था, म्हणजे केंद्राचे श्रम ब्युरो, अनेक वर्षे याच सेक्टर १७ मध्ये होती. आता ती चंडीगडमध्येच सेक्टर ३८ पश्चिम येथे गेली आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक हे ब्युरो काढते. लाखो नोकरदारांचा महागाई भत्ता त्या आकड्यावर ठरतो. डाळ, तांदूळ, घरभाडे, बसचे तिकीट या साऱ्याची ते नोंद ठेवते. राज्यांकडून येणाऱ्या विवरणपत्रांच्या आधारे कारखान्यांतील दुखापतींची आकडेवारीही संकलित करते. यातील ‘कारखान्यांतील’ हा शब्द महत्त्वाचा. दुकानाचा जिना, कार्यालयाचे स्वच्छतागृह, मॉलचा तळमजला, सोसायटीची गटारे हे कारखाने नव्हेत. तिथे कोणी भाजले तर ती दुखापत कोणत्याच रकान्यात जात नाही.

ही उणीव ऐतिहासिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले. आज ते कारखाना सल्ला सेवा व कामगार संस्था महासंचालनालय म्हणून मुंबईत शीव येथे आहे. त्या पिढीसमोरचा कामगार गिरणीतला, गोदीतला, खाणीतला होता. धोका यंत्राच्या पट्ट्यात आणि बॉयलरमध्ये होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्या धोक्याला बऱ्याच अंशी वेसण घातली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. हजारो माणसे गमावून मिळवलेला हा जाणण्याचा हक्क मात्र कारखान्याच्या कुंपणातच राहिला. दरम्यान धोका बाटलीत बसून कुंपणाबाहेर पडला आणि घराघरांत, दुकानादुकानांत पोहोचला.

चार नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेने १३ जुने कायदे एकत्र केले. तिचा पल्ला कारखान्यापुरता नाही, हे मान्य केले पाहिजे. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना तिच्या कक्षेत येते आणि कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य तिथल्या मालकावर येते. ज्या दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकत नाही, तिची सूचना देणेही मालकाला बंधनकारक आहे.

आता ही तरतूद सेक्टर १७ च्या त्या पायरीवर आणून पाहा. चार नोकर असलेल्या दुकानाला ती लागू नाही. मोठ्या कार्यालयाला लागू आहे. पण तिथल्या सफाईच्या बाईचे बोट भाजले, ती दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी काय होते? तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी थांबतच नाही. पहिल्याच दिवशी तिच्या जागी दुसरी बाई येते. ४८ तास काम बंद राहिले अशी नोंद होण्यासाठी आधी काम तिचे असावे लागते.

गाभ्याबाहेरचे काम

याच संहितेत एक व्याख्या आहे, जी मला अधिक बोलकी वाटते. आस्थापनेच्या ‘गाभ्याच्या’ कामात कंत्राटी कामगार नेमण्यास ही संहिता मनाई करते, आणि गाभ्याबाहेरची कामे कोणती त्याची यादी देते. त्या यादीत पहिले नाव आहे साफसफाईचे : झाडणे, पुसणे, कचरा उचलणे आणि त्याची विल्हेवाट लावणे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे समर्थन करता येईल. बँकेचा धंदा कर्ज देण्याचा आहे, फरशी पुसण्याचा नव्हे. पण कोणती बँक, कोणते रुग्णालय, कोणते मंत्रालय एक आठवडा फरशी न पुसता चालेल? ज्या कामाशिवाय बाकीची सगळी कामे थांबतील त्याला गाभ्याबाहेर म्हणायचे, हा केवळ हिशेबाचा निर्णय नाही. या देशात ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आले, हे महाराष्ट्रातील वाचकाला सांगायला नको.

कंत्राटीकरणाचा परिणाम धोक्याच्या वाटणीवर होतो. स्वच्छता विकत घेणारा मालक कंत्राटदाराला एक ठरावीक रक्कम देतो. कंत्राटदार त्यातून मजुरी, साहित्य आणि स्वतःचा नफा काढतो. साहित्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद काय? सुटे ॲसिड. सौम्य द्रावणाने डाग काढायचा तर ते लावून वीस मिनिटे थांबावे लागते, दोनदा घासावे लागते. तेवढा वेळ तिला दिलेला नसतो. ‘नऊच्या आत चार जिने’ या वेळापत्रकातच ॲसिडची निवड दडलेली आहे. ती बाई ॲसिड निवडत नाही. तिच्यासाठी ते निवडले गेलेले असते. नंतर डोळा गेला की तिच्या निष्काळजीपणाची चर्चा होते.

डोळ्याचा हिशेबही आपण केलेला आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा धड असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची क्षमता तीस टक्के घटली, असे धरले होते. पण ही तीस टक्केसुद्धा कशाच्या तीस टक्के? त्यासाठी वेतन सिद्ध करावे लागते, मालक कोण हे सिद्ध करावे लागते. ज्या बाईला ठेकेदाराचे नाव माहीत नाही, ती कोणाच्या नावे अर्ज करणार?

मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळवणे किती कठीण असते हे मुंबईने पाहिले आहे. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या वतीने कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल लागला आणि ते महापालिकेचेच कामगार ठरले. तिथे निदान एक संघटना होती, एक महापालिका होती. जिने धुणाऱ्या विखुरलेल्या बायकांकडे यांपैकी काहीच नाही.

बंदी नको, जबाबदारी हवी

मी ॲसिडवर सरसकट बंदी मागत नाही. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिडशिवाय उद्योग चालणार नाहीत. दर दुकानात निरीक्षक पाठवावा, असेही मी म्हणणार नाही. तपासणीच्या नावाखाली काय चालते हे आपल्याला ठाऊक आहे. लहान दुकानदाराची अडचणही खरी आहे. कामगार स्वतःच हातमोजे टाळतात, असे कंत्राटदार सांगतात, आणि त्यातही तथ्य आहे : न बसणारे, घामाने चिकटणारे, पहिल्या आठवड्यात फाटणारे हातमोजे कोणीही टाळेल. तरीही पुढील चार गोष्टी करणे शक्य आहे, आणि त्यांतील पहिलीसाठी नवा कायदाही लागत नाही.

एक, २०१३ च्या आदेशात शैक्षणिक संस्था, प्रयोगशाळा, रुग्णालये, सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी स्वतंत्र सूचना आहे. ॲसिड ठेवायचे असेल तर त्यांनी वापराची नोंद ठेवावी आणि ते बाळगण्याची व सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी, असे न्यायालयाने सांगितले आहे. ॲसिड बाहेर जाऊन शस्त्र बनू नये, हा त्यामागचा हेतू. त्याच व्यक्तीकडे ते आत कसे वापरले जाते याचीही जबाबदारी द्या. नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवा : आज कोण भाजले?

दोन, सरकार हे या देशातील स्वच्छतेचे मोठे ग्राहक आहे. रेल्वे, बँका, रुग्णालये, मंत्रालये यांच्या सफाईची कंत्राटे निविदांद्वारे दिली जातात. अशा निविदांत फिनेल किती लिटर, झाडू किती, हे बारकाईने लिहिलेले असते. तिथेच लिहा की आवारात सुटे, चिठ्ठी नसलेले ॲसिड येणार नाही. दहा टक्क्यांहून तीव्र द्रावण सफाईसाठी वापरले जाणार नाही. जिथे भागेल तिथे सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिडची सौम्य द्रावणे वापरावीत आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा. युरोपीय संघाने २०२१ पासून सामान्य ग्राहकांना १५ टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड मिळण्यावर निर्बंध आणले आहेत. त्यामागचे कारण स्फोटकांची भीती हे होते. पण तीव्रतेची मर्यादा घालता येते आणि बाजार तिच्याशी जुळवून घेतो, हे त्यातून दिसलेच.

तीन, स्वच्छता विकत घेणारा हाच अंतिम जबाबदार, हे तत्त्व दहा कामगारांच्या मर्यादेखालीही लागू व्हावे, निदान दाहक रसायनांपुरते तरी. धोका माणसे मोजून येत नाही. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात १९९५ मध्येच म्हटले आहे. गटारात उतरून मरणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने तीस लाख रुपयांची भरपाई ठरवली, ती कोणी किती माणसे कामाला लावली हे विचारून नव्हे. १९९० च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या रसायनविषयक करारावर, म्हणजे करार क्रमांक १७० वर, भारताने अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. रसायनावर चिठ्ठी असावी आणि कामगाराला तिचा अर्थ समजावा, एवढीच त्याची मूळ मागणी आहे. चिठ्ठी हिंदीत, पंजाबीत, मराठीत असावी आणि वाचता न येणाऱ्यासाठी तिच्यावर चित्र असावे, यासाठी आपण कशाची वाट पाहत आहोत?

चार, पाणी. ॲसिड लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत जे होते, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. लागलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा ते वीस मिनिटे धरणे, डोळा उघडा ठेवून धूत राहणे, त्यावर सोडा किंवा हळद न लावणे आणि मग रुग्णालय गाठणे, एवढे ज्ञान पाच मिनिटांत देता येते. डोळे धुण्याची सोय दहा सेकंदांत गाठता आली पाहिजे, असा अमेरिकी मानकाचा दंडक आहे. आपल्याकडे दहा सेकंदांच्या अंतरावर चालू नळ आणि जाड रबरी हातमोजे, बंद बूट, डोळ्यांवर चष्मा एवढे जरी झाले तरी कितीतरी डोळे वाचतील. हा खर्च एका दुकानाच्या पाटीवरील दिव्यांपेक्षा कमी आहे.

दहा वाजण्यापूर्वी

त्या सकाळी निघताना मी त्या बाईला, जवळ पाणी ठेवा आणि बाटलीवर खूण करा, एवढे सांगितले. सांगतानाच ते किती तोकडे आहे हे मला जाणवत होते. तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘खूण आहे ना, बाबूजी, झाकणाला भोक आहे. घरी मुलांना सांगून ठेवलंय, भोकाची बाटली तोंडाला लावायची नाही.’ उरलेले ॲसिड ती त्याच बाटलीतून घरी नेत असे, कारण ते ठेवायला इमारतीत तिला जागा दिलेली नव्हती.

सुरक्षेची ही तिने स्वतः शोधलेली पद्धत. सरकार, न्यायालय, मालक आणि ठेकेदार या सर्वांनी मिळून तिला दिलेल्या सुरक्षेपेक्षा ती अधिक होती. धोरणे ठरवणाऱ्यांपैकी अनेकांची कार्यालये या सेक्टरमध्ये आहेत. हरियाणाच्या कामगार खात्याचे कार्यालयही इथल्याच ‘थर्टी बेज’ नावाच्या इमारतीत राहिले आहे. हे अधिकारी दहा वाजता येतात, तेव्हा जिने कोरडे आणि लखलखीत असतात. त्यांनी एकदा साडेसात वाजता यावे. ॲसिडविषयीच्या कायद्यात काय राहून गेले, हे समजायला त्यांना कोणत्याही समितीच्या अहवालाची गरज पडणार नाही.